एलेन मार्डेनचं खरं वय

१

वही रविवारी सकाळी जागेवर नव्हती, आणि दुपारी मला सरांचा फोन आला.

"धम्मानंद, घरात चोरी झाली आहे," ते म्हणाले. "पोलिसांना सांगावी अशी नाही. तू ये."

मी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रासायनिक कारखान्यात अपघातांच्या चौकश्या करतो. पाइप फुटला, कोणाचा हात भाजला, टाकी भरून वाहिली, की मी फाइल घेऊन हजर. मला पाहिलं की लोक गप्प होतात. वीस वर्षांत मी एवढंच शिकलो की चूक शोधणं फारसं अवघड नसतं, आणि ती सापडल्यावर कोणालाच बरं वाटत नाही, मला तर नाहीच. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या घरातली वही शोधायची मला मुळीच हौस नव्हती. पण यादवराव खोब्रागडे हे नागपूरला माझे हेडमास्तर होते. त्यांचा मुलगा प्रफुल्ल माझ्याच कारखान्यात आहे आणि रोज कंपनीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपतो. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये, नवव्या मजल्यावर, सर खुर्चीत ताठ बसले होते. वय चौऱ्याऐंशी. नजरेच्या मधोमध काळा डाग पडलाय, त्यामुळे कडेकडेने माणसं सावलीसारखी दिसतात, अक्षर अजिबात दिसत नाही. खिडकीपाशी त्यांच्या पत्नी, राणीकाकू, बसल्या होत्या. साडीच्या काठाला घडी घालत होत्या आणि मोडत होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घडी घातली.

"नीट ऐक," सर वर्गात सांगायचे तसं म्हणाले. "रोज संध्याकाळी सहाला मी हिला दहा प्रश्न विचारतो. दुसऱ्या महायुद्धानंतरचे हॉलिवूडचे नट-नट्या. कोणाचं खरं नाव काय, कोण कोणत्या साली जन्मलं, काळ्या-पांढऱ्या चित्रपटात रक्त म्हणून काय वापरत."

"काय वापरत?"

"चॉकलेटचं सिरप. ती पेन्सिलने उत्तरं लिहिते, खाली सही करते. मग जान्हवी वाचून दाखवते आणि मी मार्क देतो. अकरा वह्या भरल्या. ही बारावी, अर्धी झालेली. टीव्हीखालच्या फळीवर असते. काल संध्याकाळी होती, आज सकाळी हात लावला तर नाही."

जान्हवी म्हणजे प्रफुल्लची बायको. ती स्वयंपाकघरात चहा करत होती.

"काकूंना हॉलिवूडची एवढी माहिती कुठून?" मी विचारलं.

सरांचा चेहरा जरा सैल झाला. "हिचे वडील नागपूरला टॉकीजमध्ये प्रोजेक्टरवर ऑपरेटर. पडद्याच्या मागे दोन खोल्यांत बिऱ्हाड. इंग्रजी चित्रपट जुने होऊन आमच्याकडे मॉर्निंग शोला यायचे, आणि रिळांबरोबर कंपनीची बुकलेटं यायची. हिने त्यांवरच इंग्रजी शिकून घेतलं. बघायला गेलो तेव्हा मी विचारलं, काय आवडतं? तर अर्धा तास एलेन मार्डेन नावाच्या नटीचं चरित्र सांगितलं. मी त्याच दिवशी ठरवलं." ते खुर्चीत जरा पुढे सरकले. "माहेरची ती सुगंधा मेश्राम. लग्नात मी नाव बदलून राणी ठेवलं. तर मला म्हणते, स्टुडिओवालेही असंच करतात, आधी नाव बदलतात मग सात वर्षांचा करार करतात, तुमचा किती वर्षांचा?"

काकूंच्या हातातली घडी चालूच होती. सर त्यांच्या दिशेने बघत होते, पण त्यांची नजर खिडकीच्या चौकटीवर होती.

"आता घाई कशाची ते सांगतो. मंगळवारी दहाला डॉक्टरांकडे जायचंय. प्रफुल्लने पुण्याच्या एका संस्थेत जागा बघून ठेवली आहे. विसराळू माणसांना सांभाळतात. फक्त त्यांनाच घेतात, नवऱ्याला घेत नाहीत. आमचं ठरलंय. वही डॉक्टरांना दाखवायची. वहीत ती शाबूत दिसली तर ती इथे राहील. नाहीतर ती पुण्याला आणि मी इथे. एकोणसाठ वर्षं झाली लग्नाला, धम्मानंद. वही शोध."

२

घरातली माणसं मोजकी, तेव्हा संशयितही मोजकेच. पहिला प्रफुल्ल. त्याने मला बोलवून बॉम्ब शेल्टर दाखवलं. इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड लोखंडी दाराची अशी एक खोली असते. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे तांदूळ आणि सुटकेसा ठेवतात. खोब्रागड्यांच्या शेल्टरमध्ये दोन पंखे, एक सायकल, काकूंची व्हीलचेअर आणि वरच्या फळीवर जुन्या वह्या होत्या. सहा-सहाचे दोन गठ्ठे, पांढऱ्या नाडीने बांधलेले. दिसेल ते मोजायची मला खोड आहे.

"इथे सगळं उलटंपालटं करून झालं," प्रफुल्ल म्हणाला. "नाहीये."

"तू घेतलीस का?"

त्याला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं. "सगळ्यांच्या मनात तेच आहे. वही असती तर बाबा जिंकले असते. दहापैकी दहा मिळवणाऱ्या बाईला कोण संस्थेत ठेवील? हरवली तर फायदा माझाच. पण ऐक. गेल्या महिन्यात आई एकटी लिफ्टने खाली गेली. एमआरटीच्या, मेट्रोच्या स्टेशनवर सापडली. स्टाफला तिकीट मागत होती, हातात पैसे धरून. आम्ही दोघं कामावर, बाबांना दिसत नाही. एक दिवस ती रस्त्यावर जाईल. मला तिला पाठवायचं नाहीये रे. मला ती जिवंत हवी आहे."

"वहीत काय आहे ते कधी पाहिलंस?"

"नाही. जेवताना बाबा मार्क सांगायचे. नऊ, दहा, दहा. गेल्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, आईचं कसं चाललंय, तर मी तेच सांगितलं. ते म्हणाले, उत्तम, मग आठ महिन्यांनी या." त्याने कपाळ चोळलं. "दहा मार्क मिळवणारी बाई स्टेशनवर कशी जाते, हे मला अजून कळलेलं नाही."

मलाही कळलं नव्हतं, आणि खरं म्हणजे तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण मी पुढच्या माणसाकडे वळलो.

जान्हवीने चहा दिला आणि समोर बसली. एका प्रयोगशाळेत संशोधक आहे, बोलणं मोजकं. "मला त्या नटनट्यांमधलं काही कळत नाही, दादा. सगळी नावं मला सारखीच वाटतात. जे असेल ते वाचते."

"काल?"

"काल सहाला प्रश्न झाले. बाबांचे मित्र हेमचंद्रकाका आले होते, ऐकत बसले होते. मी वाचलं, बाबांनी दहा मार्क दिले. काका लवकर उठून गेले. मी वही फळीवर ठेवली."

"नंतर कोणाचा हात लागला?"

"मला काय माहीत? सहा वाजता माझ्या एका हातात वही असते, दुसऱ्या हातात फोन. ऑफिसचे मेसेज थांबत नाहीत." तिने कप उचलले. "तुम्ही बाबांना समजवा. आणि प्रफुल्लला पण. या दोघांना वेगळं केलं तर दोघंही जातील. मला ते बघवणार नाही."

ती आत गेली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आठवडाभर न झोपलेल्या माणसाचं होतं तसं.

निघताना सरांनी मला दाराशी गाठलं. भिंतीला हात लावत आले होते. "हेमचंद्राला विचार," ते हळू म्हणाले. "काल तो उठताना म्हणाला, यादवराव, यात आता काही अर्थ राहिलेला नाही. आणि पुढच्या शनिवारी येणार नाही म्हणाला. दहा वर्षांत असं कधी झालेलं नाही."

३

हेमचंद्र पुण्याचे, आयटीतून निवृत्त झालेले, सेरंगूनला मुलीकडे राहतात. जुन्या हॉलिवूडचं वेड त्यांना सरांपेक्षा दहापट. सोमवारी काम आटोपून मी त्यांना मॉलजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, गाठलं. त्यांनी समोरची कॉफी तशीच ठेवली होती आणि तिच्यावर साय धरली होती.

"वही मी चोरली असं यादवरावांना वाटतं?" त्यांनी विचारलं.

"वाटायला जागा आहे. तुम्ही रागावून गेलात."

"रागावलो नाही हो. रडू येईल म्हणून उठलो." ते इकडेतिकडे पाहू लागले. "तुम्हाला एलेन मार्डेन माहीत आहे?"

"कालपासून."

"तिचं खरं नाव बर्था क्लम्प. जन्म एकोणीसशे अठरा. स्टुडिओने चार वर्षं कापली आणि बुकलेटमध्ये बावीस छापलं. तेव्हा सर्रास असं करत. वय खोटं, गाव खोटं, बापाचा धंदा खोटा. आता सगळं इंटरनेटवर आहे, जन्माच्या नोंदीसकट. पण राणीवहिनींनी ते कधीच मानलं नाही. बावीस म्हणजे बावीस. मी त्या नोंदीची नक्कल छापून आणली, तर म्हणाल्या, माझ्या बाबांच्या बुकलेटमध्ये आहे ते खोटं कसं असेल? दुसरा एक ग्लेन हॅवर्ड. उंचीने बेताचा. प्रेमाचा सीन असला की खोक्यावर उभा राहायचा. वहिनी म्हणायच्या, शक्यच नाही, सहा फूट एक इंच, बुकलेटमध्ये लिहिलंय. प्रत्येक शनिवारी आमचं भांडण. यादवराव त्यांचे मार्क कापायचे आणि वहिनी त्यांच्याशी रात्रीपर्यंत बोलायच्या नाहीत."

"मग?"

"मग गेल्या वर्षी जूनमध्ये त्या म्हणाल्या, अठरा. म्हणजे जान्हवीने वाचलं, अठरा. मला वाटलं, चला, एकदाचं पटलं. पुढच्या शनिवारी खोका. मग खरं नाव, बर्था क्लम्प. जे जे मी दहा वर्षं ओरडून सांगत होतो ते सगळं बरोबर. दहापैकी दहा." त्यांनी कॉफी बाजूला सारली. "वर्षभर मी जिंकतोय आणि माझ्याशी कोणी भांडत नाही. परवा वाटलं, ही बाई इथे नाहीच. मी कोणाकडे येतो मग?"

मी उठून बसस्टॉपकडे निघालो.

कारखान्यात एक गोष्ट नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. टाकीतली पातळी कधी स्थिर नसते. मीटरचा काटा तासन्‌तास एकाच जागी असेल तर टाकी शांत आहे असं समजायचं नाही. मीटर बंद पडला आहे असं समजायचं. आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. काकूंचा काटा वर्षभर दहावर होता. सर आनंदात होते, प्रफुल्ल निर्धास्त होता, डॉक्टरांनी आठ महिन्यांची तारीख दिली होती, आणि त्याच वेळी एक बाई स्टेशनवर पैसे घेऊन तिकीट मागत होती.

इंटरनेटवरची उत्तरं काकूंना येणं शक्य नव्हतं. आलीच असती तर त्यांनी ती लिहिली नसती. म्हणजे उत्तरं वहीत नव्हती. ती वाचणाऱ्याच्या दुसऱ्या हातात होती.

बसस्टॉपवर उभा असताना दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि मला स्वतःची लाज वाटली. सर म्हणाले होते, अकरा वह्या भरल्या, ही बारावी. शेल्टरमध्ये मी सहा-सहाचे दोन गठ्ठे मोजले होते.

४

बेल मी नेहमीपेक्षा हळू वाजवली. जान्हवीने दार उघडलं. सोमवारी ती घरून काम करते. प्रफुल्ल ओव्हरटाइमसाठी थांबला होता, त्याला यायला तास होता. हॉलमध्ये सर आणि काकू आपापल्या जागी बसले होते. सहा वाजून गेले होते, पण वही नव्हती म्हणून प्रश्न झाले नव्हते. मी सरळ शेल्टरमध्ये गेलो, दुसरा गठ्ठा काढला आणि नाडी सोडली. शेवटची वही अर्धीच भरलेली होती.

शनिवारची तारीख जान्हवीच्या अक्षरात होती. खाली एक ते दहा आकडे, तेही तिचेच. आकड्यांपुढे पेन्सिलने, शाळेतल्या मुलीसारख्या गोल, जोर देऊन काढलेल्या अक्षरात लिहिलं होतं:

मला घरी जायचंय.

एकच्या पुढे तेच. दोनच्या पुढे तेच. दहाही ओळींत तेच. मी मागे उलटत गेलो. शुक्रवार, गुरुवार, मे, मार्च, डिसेंबर. पानामागून पान. काही ठिकाणी पेन्सिल कागद फाडून गेली होती. सहीकडे मी पाहिलं नाही. दहा ओळींनंतर अकरावीकडे जायचं धैर्य राहिलं नव्हतं. चौकशीत असं करू नये हे मला माहीत आहे.

"चार दिवसांपूर्वी मी तिला कचरा खाली सोडायच्या च्यूटपाशी नेलं होतं," जान्हवी मागून म्हणाली. ती दारात उभी होती आणि वहीला 'तिला' म्हणत होती. "कचऱ्याची झडप उघडली. टाकवली नाही. आईंचं अक्षर आहे. परत आणून ठेवली. मग शनिवारी प्रश्न झाल्यावर इथे आणली. यांच्यात कोणी शोधणार नाही असं वाटलं."

"सुरुवात कधी झाली?"

"गेल्या वर्षी जूनमध्ये. एप्रिलपर्यंत आई स्वतः वाचायच्या, मग त्यांचं बोलणं कमी झालं म्हणून बाबांनी मला वाचायला सांगितलं. महिनाभर ठीक होतं. एक दिवस उघडलं तर हे. बाबा समोर हात मांडीवर ठेवून बसलेले, पेपरचा निकाल लागणार असल्यासारखे. मला ते मोठ्याने वाचता आलं नाही. हातात फोन होता. मी शोधलं आणि जे आलं ते वाचलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या." ती भिंतीला टेकली. "दुसऱ्या दिवशी कशी थांबवणार होते मी? आज आठवलं नाही, उद्याही आठवलं नाही, असं सांगायचं? रोज वाटायचं, उद्या आई नीट लिहितील."

"आणि डॉक्टर?"

"प्रफुल्लने मार्क सांगितले तेव्हा मी शेजारीच बसले होते." तिने डोळे पुसले नाहीत. "आठ महिने गेले, दादा. माझ्यामुळे गेले. औषधाने काही झालं असतं की नाही मला माहीत नाही. पण गेले ते माझ्यामुळे. आता उद्या डॉक्टर वही उघडतील आणि बाबांसमोर वाचतील. त्यांच्या हातात एवढंच एक होतं. मी तेही खोटं करून ठेवलं."

सर वही शोधायला सांगत होते, प्रफुल्लनेही शेल्टर उलटंपालटं केलं होतं. वही सापडावी असं जान्हवी तेवढी एकदाही म्हणाली नव्हती. हेही मला आत्ता आठवत होतं.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली.

मी आजवर एकाही अहवालात एकही आकडा बदललेला नाही, आणि त्या क्षणी वाटलं की हा एक बदलावा, वही च्यूटमध्ये टाकावी आणि घरी जावं. तेवढ्यात हॉलमधून सरांचा आवाज आला. आवाज अगदी शांत होता.

"जान्हवी, दूध संपलंय बेटा. खालून घेऊन ये. घाई करू नकोस. आणि धम्मानंद, तू इकडे ये. हातात जे आहे ते घेऊन ये."

५

फ्रिजमध्ये दोन पिशव्या दूध होतं. जान्हवीने माझ्याकडे पाहिलं, चप्पल घातली आणि गेली.

मी सरांसमोर बसलो. खिडकीपाशी काकू काठाची घडी घालत होत्या.

"कोणी घेतली ते सांगू नकोस," सर म्हणाले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"मार्डेनबाई अठरा साली जन्मल्या त्या दिवसापासून. एकोणसाठ वर्षांत राणी बावीसच्या खाली आली नव्हती. मी हिच्याशी या एका प्रश्नावर हजार वेळा भांडलोय. अठरा ऐकलं आणि कळलं, हे हिचं उत्तर नाही. मी टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार? सून माझ्यासाठी रोज खोटं बोलत होती. तिचा आवाज कापायचा."

"मग मला कशाला बोलावलंत, सर?"

"ही रोज पेन्सिल घेऊन काहीतरी लिहिते. मला आवाज ऐकू येतो. दहा ओळी लिहिते. मला दिसत नाही. जान्हवीला 'आता खरं वाच' असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ती मरून जाईल. प्रफुल्लला सांगितलं तर तो तिला जन्मभर माफ करणार नाही. मला परका माणूस हवा होता, आणि ज्याला खरं वाचायची सवय आहे असा. वही नाहीशी झाली हे निमित्त बरं झालं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "वाच."

"सर, उद्या डॉक्टर..."

"उद्याचं उद्या. उद्या दहाला मी हरणार आहे, ते मला वर्षापासून माहीत आहे. त्याआधी ती काय म्हणते ते ऐकू दे. पहिलं उत्तर."

मी वाचलं. "मला घरी जायचंय."

"दुसरं?"

"मला घरी जायचंय."

"तिसरं?"

"सगळी तीच आहेत, सर. जूनपासून."

मग त्यांचा चेहरा बदलू लागला. मला वाटलं होतं कोसळतील, पण ते उजळत गेले, आणि ते बघणं त्याहून वाईट होतं.

"घरी," ते म्हणाले. "म्हणजे नागपूरला, आमच्या इंदोऱ्याच्या घरी. बघ, तिला आठवतंय. समोर पेरू होता, ती त्याला पाणी घालायची. ते घर विकलं आम्ही इथे येताना, पण त्याच गल्लीत भाड्याने मिळेल. पुणं कशाला? मी नेतो तिला. माझ्या विद्यार्थ्यांपैकी दहा जण तिथे आहेत, कोणीतरी लक्ष देईल. डॉक्टरांना मी हेच सांगतो, की पेशंटने स्वतः लिहून दिलंय. वर्षभर लिहून दिलंय. आम्ही दोघं जाऊ." त्यांनी माझा हात धरला. "खाली सही आहे ना? सहीशिवाय मी पेपर धरत नाही, तुला माहीत आहे. सही वाच."

मी तेव्हा पहिल्यांदा सहीकडे पाहिलं. आणि मागचं पान पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं, असं करत पहिल्या पानापर्यंत गेलो.

जान्हवीने पहिल्या दिवशी फोनकडे का पाहिलं ते मला पुरतं कळलं. दोन शब्द बदलून वाचायचे होते, बस. सर खूश राहिले असते. उद्या डॉक्टरांपुढे ताठ बसले असते. माझी जीभ उचललीही.

"थांबलास तू," सर म्हणाले.

"हो."

"म्हणजे राणी लिहिलेलं नाही."

"नाही, सर."

"काय लिहिलंय?"

"सुगंधा मेश्राम."

त्यांनी माझा हात सोडला. खालच्या मजल्यावर कोणीतरी पियानो शिकत होतं, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत होता.

"किती दिवस?"

"पहिल्या पानापासून. जूनपासून सगळीकडे तेच."

"ते घर कधीच पाडलं," सर म्हणाले. "टॉकीज पाडली, मागच्या खोल्या पाडल्या. आता तिथे पार्किंग आहे. मी तिला ते सांगितलं होतं. ती दोन दिवस जेवली नव्हती." आवाज कोरडा होता. "त्या घरात मी एकदाच गेलो होतो. मुलगी बघायला."

ते उठले. खुर्चीच्या पाठीला, मग टेबलाच्या कडेला हात लावत खिडकीपाशी गेले आणि काकूंसमोर उभे राहिले. कसं बोलवावं ते त्यांना कळत नसावं. मग त्यांनी हाक मारली. त्या नावाने त्यांनी काकूंना या घरात कधी हाक मारली असेल असं मला वाटत नाही.

"सुगंधा."

घडी घालणारे हात थांबले. काकूंनी मान वर केली आणि सरांकडे सरळ पाहिलं. त्यांच्या नजरेत ओळख नव्हती, पण अदब होती. घरी पाहुणा आल्यावर मुली पदर सावरतात तसा त्यांनी पदर सावरला.

"तुम्ही बाबांकडे आलात का?" त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "बाबा मशीनवर आहेत. शो सुटल्यावर भेटतील."

सरांनी चाचपडत शेजारची खुर्ची शोधली आणि परक्या घरात बसतात तसे टोकावर बसले.

"बसतो मी," ते म्हणाले. "शो सुटेपर्यंत."

काकूंनी मान हलवली आणि पुन्हा काठाची घडी घालायला घेतली. मी वही टीव्हीखालच्या फळीवर तिच्या जागी ठेवली आणि दार ओढून घेतलं. जान्हवी लिफ्टपाशी रिकाम्या हातांनी उभी होती.